चालकाच्या हातातला मोबाइल मोजायचा कसा: नाक्यावरच्या पाहणीची पद्धत

ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या सभेत रस्त्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "हल्ली सगळेच मोबाइल बघत गाडी चालवतात." हे वाक्य अर्जात लिहून दिलं तर पोच मिळेल, पण त्यावरून कुणाला काही ठरवता येणार नाही. कुठला नाका, कुठली दिशा, सकाळ की संध्याकाळ, रिक्षा की कार, गाडी उभी होती की चालती, इतकं सांगितलं तर मात्र कारवाईची जागा आणि वेळ ठरते. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. चार माणसं, कागद, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि मोजणीच्या आधी ठरवून ठेवलेले नियम एवढं पुरतं. नियम आधी ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण नाक्यावर उभं राहिल्यावर डोळा आपोआप मोबाइलवाल्यांकडेच वळतो आणि बाकीचे मोजायचे राहतात.

सरकारी आकडे असताना ही खटपट कशाला, असं वाटू शकतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात मोबाइलमुळे झालेल्या अपघातांचा रकाना आहे, पण तो आकडा कायम लहान दिसतो. दहापैकी सुमारे सात अपघात अतिवेगाच्या रकान्यात जातात. अपघातानंतर फोन कुठेतरी पडलेला असतो, साक्षीदाराने पाहिलेला असतो तो वेग, आणि फोन हातात होता असं चालक स्वतःहून सांगत नाही. रकाना लहान राहतो तो यामुळेही. म्हणून रस्त्यावर प्रत्यक्ष पाहून मोजण्याला पर्याय नाही. अमेरिकेतही वाहनचालकांच्या फोनवापराचा राष्ट्रीय अंदाज अशाच पाहणीतून काढतात: प्रशिक्षित माणसं दिवसाउजेडी चौकांवर उभी राहतात आणि थांबलेल्या वाहनांत डोकावून नोंद करतात.

काय मोजायचं

"मोबाइल वापरत होता" असा एकच रकाना ठेवू नका. फोनचे सगळे वापर सारखे धोक्याचे नसतात. अमेरिकेत साडेतीन हजार चालकांच्या गाड्यांत कॅमेरे बसवून मोठा अभ्यास झाला. त्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की हातातला फोन वापरताना अपघाताची शक्यता साधारण ३.६ पट होते. त्यातही नंबर लावताना ती सुमारे १२ पट, मेसेज लिहिताना सुमारे ६ पट आणि नुसतं बोलताना दुपटीच्या थोडी वर निघाली. डोळे रस्त्यावरून हटतात तिथे धोका उसळतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते, म्हणजे नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर मान खाली घालून स्क्रीनवर एक ओळ वाचेपर्यंत तीन बस एकापुढे एक उभ्या राहतील एवढं अंतर न बघता कापलेलं असतं.

म्हणून तक्त्यात हे रकाने ठेवा:

क — फोन कानाला धरलेला, किंवा मान आणि खांद्यात दाबलेला.
ह — फोन हेल्मेटमध्ये खोचलेला.
न — फोन हातात किंवा मांडीवर आणि नजर त्याच्याकडे.
ब — फोन होल्डरवर, पण चालकाचं बोट स्क्रीनवर.
० — फोनचा वापर नाही. होल्डरवर फोन आहे, नकाशा चालू आहे, पण हात लागलेला नाही, तर तीही नोंद इथेच.
? — दिसलं नाही.

होल्डरवरचा नकाशा "०" मध्ये टाकण्यामागे कारण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ गाडी चालवताना हातातला फोन वापरणं धोकादायक चालवण्यात धरतं, पण ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार रस्ता शोधण्यापुरता, चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने फोन वापरायला मुभा आहे. खाणं पोचवणारे दुचाकीस्वार आणि ओला-उबरचे चालक यांच्यासमोर फोन कायम असतो. त्या सगळ्यांना वापरात धरलं तर आकडा फुगतो आणि पहिल्याच प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

कानातल्या ब्लूटूथ बोंड्या मोजायच्या नाहीत. धोका नाही म्हणून नव्हे. टोरोंटोतल्या ६९९ चालकांच्या फोननोंदी तपासून १९९७ साली जो अभ्यास छापला गेला, त्यात अपघाताची शक्यता सुमारे चौपट निघाली आणि हात मोकळे असल्याने काही फरक पडलेला दिसला नाही. पुढे ऑस्ट्रेलियात पर्थ शहरात झालेल्या, २००५ च्या अभ्यासातही आकडा चौपटच आला. संभाषणात मन गुंतलं की डोळ्यांपुढची गोष्टही टिपली जात नाही. कॅमेऱ्यांच्या अभ्यासात बोलण्याचा धोका यापेक्षा कमी निघतो, त्यावर संशोधकांमध्ये वाद आहे. आपण बोंड्या सोडतो त्या एवढ्यासाठी की हेल्मेटखालची बोंडी दिसत नाही, आणि दिसली तरी त्यावर गाणी चालू आहेत की फोन, की काहीच नाही, हे कळत नाही. जे खात्रीने दिसत नाही ते मोजलं की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. अहवालात मात्र स्पष्ट लिहा: ही मोजणी फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या फोनवापराची आहे, एकूण फोनवापर याहून जास्तच असणार.

जागा

सुरुवातीला तीन हात नाका घेऊ नका. तिथे इतक्या दिशांनी वाहनं येतात की कुठली रांग मोजतोय हेच विसरायला होतं. घोडबंदर रोडवर मानपाडा, पातलीपाडा किंवा वाघबीळ यांपैकी एक नाका आणि त्याची एकच बाजू घ्या. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: उड्डाणपुलावरून सरळ जाणारी वाहनं खालच्या सिग्नलला येतच नाहीत. त्यामुळे तुमचा आकडा "घोडबंदर रोडचा" नसतो, पुलाखालच्या त्या रांगेचा असतो. शीर्षकात तसंच लिहा. मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड मधल्या काळात सरकले असतील तर रांगांची रचनाच बदलते, म्हणून प्रत्येक फेरीला नाक्याचा साधा नकाशा हाताने काढून तक्त्याला जोडा. नवी मुंबईत पाम बीचवर सानपाड्याचा मोराज सर्कल सुरुवातीला बरा.

उभं कुठे राहायचं, यात बहुतेक गट चुकतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि फूटपाथ गाडीच्या डावीकडे असतो. थांबलेल्या कारच्या बाजूला फूटपाथवर उभं राहिलं, तर उजव्या कानाला लावलेला फोन चालकाच्या डोक्याआड जातो. नोंद होते "०", आणि कारचा आकडा निम्म्यावर येऊ शकतो. उजवी बाजू दिसावी म्हणून दुभाजकावर जाण्याचा मोह होतो. दुभाजकावर कुणीही, कितीही वेळ, उभं राहायचं नाही. उपाय सोपा आहे. थांबरेषेच्या पुढे पाच ते दहा मीटर, पलीकडच्या कोपऱ्यावरच्या फूटपाथवर उभे राहा आणि समोरच्या काचेतून तिरकं बघा. दुचाकीचं उलट आहे: उजवा हात अॅक्सिलरेटरवर असल्याने चालत्या दुचाकीवर फोन बहुधा डाव्या हातात येतो आणि फूटपाथवरून चांगला दिसतो. रिक्षाचंही तसंच.

ट्रक आणि बसच्या चालकाची मांडी खालून दिसत नाही. तुर्भ्याला एपीएमसीच्या (घाऊक बाजाराच्या) आसपास मोजणार असाल तर पादचारी पुलावरूनच बघावं लागेल, नाहीतर अवजड वाहनांत "?" चा खच पडेल. पुलावरून कारच्या आतली मांडीही दिसते, हा आणखी फायदा. मात्र खालून आणि वरून घेतलेल्या नोंदी एका बेरजेत मिसळू नका.

सूर्य पाठीशी असावा. काचेवर आकाशाचं प्रतिबिंब पडलं की आतलं काही दिसत नाही. उड्डाणपुलाच्या सावलीत उलट छान दिसतं. पामबीचसारख्या साधारण उत्तर-दक्षिण रस्त्यावर सकाळी पूर्वेकडचा आणि संध्याकाळी पश्चिमेकडचा कोपरा घ्या. भर पावसात मोजणी करू नका. काचा धुक्याने भरतात, दुचाकीवाले फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवतात, आणि जे मोजाल ते पावसाच्या दिवसाचंच असेल.

माणसं आणि वेळ

चौघांची टोळी करा. एक बघणारा, एक लिहिणारा, एक त्या रांगेतून गेलेली एकूण वाहनं प्रकारवार काड्या मारून मोजणारा, आणि चौथा मोकळा, जो लोकांच्या प्रश्नांना उत्तर देतो आणि बाकी तिघांच्या पायांकडे लक्ष ठेवतो. हा चौथा गाळू नका. रिक्षावाले विचारतातच, "काय मोजताय?" आणि बघणाऱ्याने उत्तर द्यायला मान वळवली की तेवढी वाहनं निसटतात. खरं उत्तर द्या, पण नोंद झाल्यावर: आधीच "मोबाइल मोजतोय" असं रांगेत पसरलं की फोन खाली जातात.

दर वीस-पंचवीस मिनिटांनी कामं बदला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या प्रश्नातून नॉर्मन मॅकवर्थ यांनी जे प्रयोग केले, ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. एकटक पहाऱ्यात पहिल्या अर्ध्या तासातच नजर चुकायला लागते, हे त्यातून दिसलं. दोन तास एकच माणूस बघत राहिला तर दुसऱ्या तासाचा आकडा कमी येतो आणि आपल्याला वाटतं की नऊनंतर लोक फोन कमी वापरतात.

वेळा सकाळी ८ ते १०, दुपारी १ ते ३ आणि संध्याकाळी ५ पासून अंधार पडेपर्यंत. अंधारात स्क्रीनचा उजेड चेहऱ्यावर पडतो म्हणून "न" जास्त दिसतो आणि "क" कमी. त्यामुळे रात्रीची मोजणी वेगळी. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे दिवस एकमेकांशी जुळतात. गणपती, नवरात्र, दहावी-बारावीच्या परीक्षा आणि नुकतीच झालेली दंडाची मोहीम टाळा. चौकात पोलीस उभा असेल तर मोजणी थांबवू नका, पण तक्त्यावर "पोलीस हजर" असं वेळेसकट लिहा.

त्या भागातल्या वाहतूक चौकीला दोन दिवस आधी साधं पत्र द्या: कोण, कुठे, किती वाजता, कशासाठी. मोजणारे एनएसएसचे विद्यार्थी असतील तर महाविद्यालयाचं पत्र सोबत ठेवा. अठराच्या आतल्या मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय आणि एका मोठ्या माणसाशिवाय रस्त्यावर उभं करू नका. अंगात चमकणारं जॅकेट. फोटो नाही, व्हिडिओ नाही, गाडीचा नंबर नाही. आपल्याला प्रमाण काढायचंय, माणसं पकडायची नाहीत, आणि नंबर लिहिताना दिसला की भांडण ठरलेलं.

वाहन निवडायचं कसं

हा पद्धतीचा कणा आहे. समोरचा कोणता चालक बघायचा हे बघणाऱ्याने ठरवायचं नाही, नियमाने ठरवायचं. सिग्नलवर नियम असा: लाल दिवा लागल्यावर ठरलेल्या रांगेतलं थांबरेषेजवळचं पहिलं वाहन, मग त्यामागचं, मग त्यामागचं, हिरवा होईपर्यंत. प्रत्येकाकडे चारपाच सेकंद. फोन दिसला म्हणून जास्त वेळ थांबायचं नाही, दिसला नाही म्हणून पुन्हा बघायचं नाही. एका लाल दिव्यात आठ-दहा वाहनं आरामात होतात.

आपल्याकडे अडचण अशी की दुचाकी फटीफटीतून पुढे येऊन थांबरेषेवर घोळका करतात, मग "पहिलं वाहन" कुठलं? म्हणून दुचाकींसाठी वेगळा तक्ता आणि वेगळी फेरी ठेवा: एका लाल दिव्याला चारचाकी-रिक्षा, पुढच्या लाल दिव्याला दुचाकी. दुचाकींच्या घोळक्यात डावीकडून उजवीकडे ओळीने जा.

सिग्नलवर बहुतेक फोन उभ्या गाडीत दिसतात. चालत्या गाडीतलं बघायचं असेल तर नाक्यापासून शंभरेक मीटर पुढे, गतिरोधकाजवळ किंवा जिथे वाहनं ताशी २०-३० ने जातात अशा ठिकाणी दुसरी जागा घ्या. तिथला नियम: एक नोंद लिहून झाली की मान वर, आणि ठरलेल्या विजेच्या खांबासमोरून जाणारं पुढचं पहिलं वाहन. उभ्या आणि चालत्या वाहनांचे तक्ते शेवटपर्यंत वेगळे. लाल दिव्याला फोन उघडणाऱ्यांचं प्रमाण साहजिकच जास्त असतं. ते "चालत्या गाडीत फोन" म्हणून सांगितलं तर ती दिशाभूल होते. उभ्या गाडीतला फोन निरुपद्रवीही नसतो. अमेरिकेत २०१५ साली झालेल्या प्रयोगांत गाडीला आवाजी आज्ञा देऊन झाल्यावरही लक्ष पूर्ण परतायला २७ सेकंदांपर्यंत लागलेले दिसले. हिरवा दिवा लागून गाडी निघाली तरी मन फोनमध्येच राहतं.

हिरवा लागल्यावर पहिली गाडी हलायला किती सेकंद लागतात हे मोजायची कल्पना काहींना सुचते. ती इथे चालत नाही. आपल्याकडे हिरवा व्हायच्या आधीच दुचाकी सरकायला लागतात.

सरावाची फेरी

खऱ्या मोजणीआधी दोन बघणारे शेजारी उभे करा. एकमेकांशी न बोलता, तीच २०० वाहनं दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर नोंदवायची. मग ताडून बघा. समजा १२ वाहनांत दोघांनाही फोन दिसला, ५ मध्ये फक्त पहिल्याला, ४ मध्ये फक्त दुसऱ्याला आणि १७९ मध्ये कुणालाच नाही. २०० पैकी १९१ नोंदी जुळल्या, म्हणजे ९५.५ टक्के. हा आकडा फसवा आहे. फोन मुळातच थोड्यांच्या हातात असतो, त्यामुळे एकाने डोळे मिटून सगळीकडे "०" लिहिलं असतं तरी नव्वद टक्क्यांवर जुळणी दिसली असती. योगायोगाने होणारी जुळणी वजा केल्यावर जेवढी जुळणी शक्य उरते, त्यातली किती साधली हे सांगणाऱ्या आकड्याला कोहेनचा कप्पा (kappa) म्हणतात; पूर्ण जुळणीला तो १ असतो. वरच्या आकड्यांचा तो ०.७० येतो. ०.७ च्या खाली असाल तर मोजणी सुरू करू नका. गणित नको असेल तर साधी कसोटी: किमान एकाला तरी फोन दिसला अशी वाहनं २१, त्यात दोघांचं एकमत १२. उरलेली ९ कुठे बिनसली ते एकेक काढून बोला. बहुधा भांडण "न" वर असतं: मान खाली होती, पण हातात फोनच होता का सुट्टे पैसे? नियम करा की फोन किंवा त्याचा उजेड प्रत्यक्ष दिसला तरच "न", नाहीतर "?". मग पुन्हा २०० वाहनं.

किती वाहनं पुरतात

समजा खरं प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास आहे. १०० वाहनं बघून काढलेला आकडा पाच टक्क्यांनी वरखाली होऊ शकतो, म्हणजे जवळपास निरुपयोगी. ४०० ला तो २.७ टक्क्यांपर्यंत येतो, १,००० ला १.७. एका टोळीकडून तासाला साधारण २०० नोंदी होतात, तेव्हा हजारासाठी पाच तास, आणि ते एका दिवशी नव्हे तर तीन दिवसांत वाटून. एकाच दिवशीच्या वाहनांवर त्या दिवसाचा ठसा असतो.

मोहिमेच्या आधी आणि नंतर तुलना करायची असेल तर खूप जास्त लागतात. ८ टक्क्यांवरून ६ वर आलं हे खात्रीने म्हणायला प्रत्येक वेळी सुमारे २,५५० वाहनं हवीत. शिवाय जिथे काहीच केलेलं नाही असा दुसरा एक नाका त्याच दिवसांत मोजा. दोन्हीकडे सारखीच घट दिसली तर ती मोहिमेमुळे नाही.

बेरीज

"?" च्या नोंदी "०" मध्ये मिसळू नका, त्या भागाकारातून बाहेर काढा आणि किती होत्या ते वेगळं सांगा. कुठल्याही प्रकारात "?" पाचातल्या एकापेक्षा जास्त असतील तर त्या प्रकाराचा आकडा देऊच नका. काळ्या काचांच्या गाड्या इथे येतात, आणि त्यांत फोन कमी असेल असं धरायला आधार नाही.

दुसरी चूक सरासरीची. उदाहरणादाखल, ३०० दुचाकींत १२ (४ टक्के), ३०० कारमध्ये ३० (१० टक्के), ३०० रिक्षांत १५ (५ टक्के). सरळ बेरीज ९०० मध्ये ५७, म्हणजे ६.३ टक्के. पण काड्या मारणाऱ्याच्या मोजणीत त्या रांगेत दुचाकी ६० टक्के, कार २५ आणि रिक्षा १५ असतील, तर प्रत्येक प्रकाराला त्याच्या वाट्याचं वजन दिल्यावर खरा आकडा ५.६५ टक्के येतो. तिसरा माणूस त्यासाठीच होता.

आणि हे प्रमाण परदेशी अभ्यासातल्या चार पट किंवा बारा पटीने गुणून "इतके अपघात होतात" असं काढू नका. ते अभ्यास वेगळ्या रस्त्यांवर, मुख्यतः कारच्या चालकांवर झालेत. आपल्या मोजणीतून वापर किती, कुठे, कधी, कोणाकडून हे कळतं. धोका किती हे नाही.

अहवाल एका पानात बसवा: नाक्याचं नाव आणि दिशा, तारखा, तास, वाहनप्रकारानुसार उभ्या आणि चालत्या वाहनांचे वेगळे टक्के, प्रत्येकापुढे पाहिलेली वाहनं आणि "?" ची संख्या, शेवटी एकच मागणी. उदाहरणार्थ, सकाळी आठ ते दहा डावीकडच्या रांगेत कारचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं, तर त्या दोन तासांत तिथे माणूस द्या. ठाण्यासाठी ठाणे आणि नवी मुंबईसाठी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेकडे ते द्या, प्रत प्रभागाच्या नगरसेवकाला. मूळ तक्ते स्वतःकडे ठेवा, पेन्सिलने नव्हे पेनने लिहिलेले, प्रत्येक पानावर बघणाऱ्याची सही आणि सुरू-बंद केल्याची वेळ. पुढची फेरी सहा महिन्यांनी, त्याच कोपऱ्यावरून, त्याच वारांना घ्या, आणि कुणी नवा बघणारा आला असेल तर सरावाच्या २०० वाहनांपासून.